निव्वळ

सावद्याच्या वजनकाट्यावर मी बसतो,
बावीस वर्षं झाली.
केळीचा ट्रक आधी रिकामा चढतो, मग भरून येतो,
मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा,
उरतं ते निव्वळ.
पैसे निव्वळाचेच मिळतात.
ट्रकचं लोखंड, ड्रायव्हरची झोप, टाकीतलं डिझेल,
बंपरला बांधलेली लिंबू-मिरची,
हे सगळं वजा.

हर्षालीनं फोनवर सांगितलं,
"पप्पा, हैदराबाद ते जळगाव
पाचशे सात किलोमीटर हवाई अंतर.
एक तास पंचवीस मिनिटं.
तुम्ही भुसावळला जाऊन येता, तेवढ्यात मी येते."
मी पावतीच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं
आणि सवयीनं विचारलं, हे निव्वळ, का भरलेलं?
ती हसली.
तिला वाटलं, पप्पा गंमत करतात.

तिच्या खोलीपासून तिथल्या विमानतळापर्यंत दोन तास.
उडायच्या आधी दोन तास बसायचं,
पट्टा काढा, बाटलीतलं पाणी पिऊन टाका.
इकडे कुसुंब्यापासून सावद्यापर्यंत दीड तास,
तापीच्या पुलावर पुढे ट्रॅक्टर असला तर दोन.
आणि रजा.
रजा मिळायला तिला चौदा महिने लागले,
ते कोणत्या रकान्यात लिहायचं?
विमानतळ ते विमानतळ, ठीक आहे,
पण विमानतळावर राहतं कोण?

डिसेंबरातला गुरुवार.
कुमुदनं बामणोदची वांगी पऱ्हाट्यांवर भाजली,
लाकडी बडगीत ठेचली,
भरिताचा डबा माझ्या हातात देऊन म्हणाली,
"गाडीतच खाऊ घाला, पोरगी उपाशी येईन."

नशिराबादपासून धुकं असं,
की पुढच्या ट्रकचा नंबर वाचता येईना.
मला,
ज्याचा धंदाच नंबर वाचायचा.

विमान वेळेवर आलं.
म्हणजे आवाज आला.
सगळ्यांनी माना वर केल्या,
वर नुसतं दूध.
आवाज शिरसोलीकडे गेला, वळला,
आमच्या डोक्यावरून गेला, पुन्हा वळला.
दाराशी तायडे म्हणून शिपाई होता, तो म्हणाला,
"धावपट्टी दिसत नाही त्याला."
तिसऱ्या फेरीनंतर आवाज बारीक होत गेला,
मग कबुतरांचा ऐकू यायला लागला.
माझ्या खिशात पार्किंगची पावती होती,
हातात डबा, अजून कोमट.

दुपारी एक वाजता फोन.
"पप्पा, मी परत हैदराबादला.
वर लख्ख ऊन होतं हो.
खाली सगळीकडे पिंजलेला कापूस,
त्यात तुम्ही कुठं असाल, ते शोधत होते."
मी म्हटलं,
मी पांढऱ्या शर्टात होतो.

पाचशे सात येताना, पाचशे सात जाताना.
भरलेलं तेवढंच रिकामं.
असा ट्रक काट्यावर आला
तर मी पावती फाडत नाही,
हात दाखवून पुढे सोडतो.

संध्याकाळी कुमुदनं फोन कानाला लावला,
"आता कव्हा येशीन व माय?"
तिकडून काय आलं, ते मला ऐकू आलं नाही.
तिनं पदरानं फोनची काच पुसली
आणि जागेवर ठेवला.

रात्री साडेनऊनंतर गाडी नव्हती.
साठ टनांचा काटा माझा,
दहा किलोच्या खालचं त्याला समजत नाही.
दुपारपासून डबा टेबलाखालीच होता.
तो घेऊन मी लोखंडी पाटावर जाऊन उभा राहिलो,
खिडकीतून लाल आकडा बघितला:
सत्तर.

उतरलो. डबा बाहेर मातीत ठेवला.
पुन्हा चढलो.

सत्तर.